तंजावरचे ख्रिस्ती कीर्तनकार : वेदनायक शास्त्री

सणावारी घरी-दारी कीर्तन करवावे, चार घटका भगवंताच्या नामात घालवाव्यात, ही आपल्या महाराष्ट्राची जुनी चाल आहे. या कीर्तनगंगेचा एक पाट थेट कावेरीच्या तीरापर्यंत वाहत गेला, हे मात्र पुष्कळ भाविकांच्या ध्यानी नसते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापन केली. त्यामागोमाग समर्थ संप्रदायाचे गोसावी तेथे पोचले, मठ उभे राहिले, आणि मराठी कीर्तनाचा घोष द्रविड देशात घुमू लागला. पुढे मेरुस्वामींसारख्या कीर्तनकारांनी त्या परंपरेस तेज आणले. तमिळ भागवतांच्या हरिकथेवर या कीर्तनाची मुद्रा इतकी खोल उमटली की साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही आपली नावे तेथील कथाकारांनीही जशीच्या तशी स्वीकारली.

आजच्या या पर्वणीस आम्ही त्याच तंजावरातील एका थोर कथाकाराचे स्मरण करणार आहोत. हा पुरुष मराठी नव्हता आणि हिंदूही नव्हता. वेदनायक शास्त्री हे त्याचे नाव. तमिळ लोक आदराने त्यांना वेदनायकम् शास्त्रियार म्हणतात. शास्त्री ही त्यांची जात नव्हे, विद्वत्तेबद्दल त्यांना मिळालेली पदवी होय. ते जन्माने वेळ्ळाळ, धर्माने ख्रिस्ती, वृत्तीने कवी आणि व्यवसायाने शिक्षक होते. १७७४ ते १८६४ असे नव्वदीला टेकलेले आयुष्य त्यांना लाभले, आणि त्यातील बहुतेक सर्व काळ त्यांनी गाण्यात व कथाकथनात घालविला.

हिंदू घरांतून वाचल्या जाणाऱ्या या पानावर एका ख्रिस्ती कवीचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. आम्ही इतकेच म्हणू की, निष्ठा कशास म्हणावे, आणि परक्याच्या निष्ठेचा मान कसा राखावा, याचे जे दर्शन या एका चरित्रात घडते ते अन्यत्र विरळा. त्यातील अर्धे श्रेय एका मराठी राजाकडे जाते, म्हणूनही ही कथा आपल्या घरची आहे.

तिरुनेलवेलीचे घराणे

वेदनायकांचा जन्म ७ सप्टेंबर १७७४ रोजी दक्षिणेकडील तिरुनेलवेली येथे झाला. त्यांचे वडील पूर्वी अरुणाचलम् पिळ्ळै या नावाचे शैव गृहस्थ होते. तमिळ विद्येची परंपरा घरात होती. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि देवसहायम् हे नाव धारण केले. तिरुनेलवेलीला लागूनच पाळयंकोट्टै हे लष्करी ठाणे होते. तेथे त्या काळी ख्रिस्ती लोकांची एक लहानशी मंडळी गोळा होत होती. तिचा प्राण होती एक स्त्री. क्लोरिंडा या नावाने ती इतिहासात ओळखली जाते. तंजावरच्या बाजूने आलेली ही बाई मराठी ब्राह्मण घराण्यातील विधवा होती. तिने पुढाकार घेऊन तेथे एक प्रार्थनामंदिर बांधविले, आणि १७८५ साली ते उपासनेसाठी खुले झाले. तमिळ ख्रिस्ती काव्याचा हा धनी ज्या मंडळीत वाढला तिच्या पायाशी एक मराठी स्त्री होती, ही गोष्ट आम्हांस विलक्षण वाटते.

या मंडळीच्या भेटीसाठी तंजावराहून एक वृद्ध जर्मन धर्मोपदेशक येत असत. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे त्यांचे नाव. १७२६ साली जन्मलेले हे साधुवृत्तीचे पुरुष १७५० मध्ये तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत उतरले, ते मायदेशी परत गेलेच नाहीत. विवाह केला नाही, द्रव्यसंचय केला नाही. तमिळ, फारसी आणि मराठी त्यांना अवगत होती. तंजावरचे तुळजाजीराजे त्यांचा सल्ला घेत. १७७९ साली इंग्रजांच्या वतीने ते श्रीरंगपट्टणास हैदर अलीकडे गेले होते, इतका सर्व पक्षांचा त्यांच्यावर विश्वास होता.

श्वार्ट्झ यांनी देवसहायम् यांच्या मुलाची बुद्धी हेरली आणि त्यास शिक्षणासाठी आपल्याबरोबर नेण्याची इच्छा दर्शविली. पित्याने संमती दिली. वयाच्या बाराव्या वर्षी मुलगा घर सोडून तंजावरास आला. पूर्वीच्या काळी बटू गुरुगृही जाई, तसेच हे जाणे होते.

दोघे गुरुबंधू

त्याच सुमारास श्वार्ट्झ यांच्या छत्राखाली दुसरा एक मुलगा आला. तो राजपुत्र होता. १७८७ साली तुळजाजीराजे मरणशय्येवर असताना त्यांनी भोसले कुळातील दहा वर्षांच्या एका मुलास दत्तक घेतले आणि त्याची काळजी वाहण्याची विनवणी श्वार्ट्झ यांना केली. हेच पुढे विद्याव्यासंगी म्हणून कीर्ती पावलेले दुसरे सरफोजीराजे. तुळजाजींच्या पश्चात गादी अमरसिंगांकडे गेली आणि या बालराजाचे पुष्कळ हाल झाले. अखेर श्वार्ट्झ यांनी खटपट करून त्यास मद्रासेस सुरक्षित स्थळी हलविले. १७९८ साली सरफोजी गादीवर बसले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ यांनी देह ठेवला होता.

वेदनायक आणि सरफोजी यांच्या वयांत जेमतेम तीन वर्षांचे अंतर. एकाच गुरूपाशी दोघांनी विद्येचे पहिले पाठ घेतले. एक भोसल्यांचा कुलदीपक, दुसरा एका उपदेशकाचा मुलगा. पहिला शेवटपर्यंत शिवभक्त हिंदू राहिला, दुसरा शेवटपर्यंत ख्रिस्तभक्त राहिला. गुरूने पहिल्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही, आणि पहिल्यानेही गुरूच्या ऋणाचा विसर पडू दिला नाही. राजेसाहेबांनी जॉन फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. शय्येवर पडलेल्या गुरूचा हात हाती धरून उभा असलेला शिष्य त्यात कोरलेला आहे. तंजावरच्या किल्ल्यात, बृहदीश्वराच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, श्वार्ट्झ यांच्याच प्रार्थनामंदिरात ते आजही उभे आहे. त्याच राजाने बृहदीश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास सांगणारा प्रचंड मराठी शिलालेख त्याच्या भिंतीवर कोरविला. दोन्ही कामे एकाच अंतःकरणातून निघालेली आहेत, हे ध्यानात ठेवावे.

वेदनायकांचे पुढील शिक्षण तंजावरास आणि तरंगंबाडीस झाले. तरंगंबाडी येथे १७०६ पासून जर्मन मिशनऱ्यांचे ठाणे होते, तमिळ पुस्तके छापणारा छापखाना होता. धर्मशास्त्राबरोबरच भूगोल, गणित, खगोल आणि निसर्गविज्ञान यांचे धडे तेथे मिळत. ऐन विशीत वेदनायक तंजावरच्या मिशनशाळेचे मुख्य अध्यापक झाले. पुढली पस्तीस वर्षे, थोडी इकडेतिकडे, त्यांनी ही नोकरी केली. सकाळी अध्यापन, रात्री काव्यरचना, आणि उत्सवप्रसंगी कथाकथन, असा त्यांचा आयुष्यक्रम ठरून गेला.

बेथलेहेमची कुरवंजी

वेदनायकांच्या काव्यसंपदेत बेथलेहेम कुरवंजी हा ग्रंथ मुकुटमण्यासारखा आहे. १८०० च्या सुमारास त्यांनी तो रचला. कुरवंजी हा तमिळ नाट्यगीतांचा एक लोकप्रिय प्रकार आहे. नगरातून देवाची किंवा राजाची मिरवणूक निघते. एक लावण्यवती त्याच्या दर्शनाने विरहव्याकुळ होते. तेवढ्यात डोंगरातून भविष्य सांगणारी कुरवर जातीची स्त्री येते, हात पाहते, आपल्या डोंगराचे व देशोदेशींचे वर्णन करते आणि मीलन घडेल असे सांगते. मग तिचा पक्षी धरणारा नवरा तिला शोधीत येतो आणि विनोदाला बहर येतो. आपल्या भारुडातील जोशी किंवा कैकाडीण ज्यांनी पाहिली आहे त्यांना या पात्रांची ओळख पटण्यास वेळ लागणार नाही. संतांनी जसे लौकिक सोंगातून परमार्थ सांगितला, तसेच वेदनायकांनी केले. त्यांची नायिका देवमोहिनी ही भक्तांच्या मंडळीचे, जीवात्म्याचे रूप आहे. तिचा नाथ बेथलेहेमात जन्मलेला ख्रिस्त आहे. पक्षी धरणाऱ्याचे जाळे म्हणजे शुभवर्तमान, आणि पक्षी म्हणजे त्यात येणारे जीव.

मधुराभक्तीचे हे रूपक आपल्या कानांना किती ओळखीचे आहे! परंतु या ग्रंथात आणखी एक नवल आहे. तरंगंबाडीस शिकलेले नवे खगोलशास्त्र कवीने त्यात गुंफले आहे. सूर्य मध्यभागी असून ग्रह त्याभोवती फिरतात, ही गोष्ट नृत्यगीतातून तमिळ श्रोत्यांपुढे आली. देशोदेशींची नावे आली. ईश्वराच्या वैभवाचे वर्णन करावयाचे तर त्याच्या सृष्टीचे ज्ञान खरे असले पाहिजे, असा या भक्ताचा आग्रह दिसतो.

तिकडे राजवाड्यात सरफोजीराजांनीही एक कुरवंजी रचली. ती मराठीत आहे, देवेंद्र कुरवंजी या नावाने ती प्रसिद्ध आहे, आणि तिच्यातही भविष्य सांगणारी स्त्री जगाचा भूगोल सांगते. एका गुरूच्या दोन शिष्यांनी, एकाने मराठीत व दुसऱ्याने तमिळमध्ये, देशी नृत्यनाट्यात नवी विद्या ओतली. या योगायोगामागे श्वार्ट्झ यांच्या शाळेचा संस्कार आहे, यात आम्हांस शंका वाटत नाही.

कुरवंजीखेरीज वेदनायकांनी स्तोत्रे, अंतादी, उला, कुम्मी, नोहाच्या तारवावरील नाटक अशी शंभरावर लहानमोठी काव्ये केली. कुम्मी म्हणजे बायकांनी फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणावयाची गाणी. १८१४ सालच्या शास्त्रकुम्मीत त्यांनी शकुन-अपशकुन, मुहूर्त, भूतपिशाच यांच्या भयावर कोरडे ओढले आहेत. मुख्य रोख, धर्म बदलूनही हे भय न सोडलेल्या स्वधर्मीयांवर आहे. तथापि त्यातील काही फटके मूर्तिपूजकांच्या, म्हणजे आपल्याही, अंगावर येतात हे लपविण्याचे कारण नाही. आपल्या मताचा माणूस जसा ठामपणे बोलेल तसे ते बोलले आहेत.

त्यांच्या कथेचे स्वरूप कीर्तनकाराला सहज ओळखू येईल असे होते. पद म्हणावे, मग त्याचे विवरण करावे, दृष्टान्त द्यावा, पुन्हा पदावर यावे. घरची माणसे आणि शिष्य मागे साथीला. कर्नाटक संगीतातील राग, मृदंगाचा ठेका, शेवटी मंगल. या अंगाने प्रभूचे चरित्र गाणारा दुसरा इतका समर्थ पुरुष त्या काळी दक्षिणेत नव्हता. तंजावर, तिरुचिरापल्ली, मद्रास येथील ख्रिस्ती मंडळींनी त्यांना शुभवर्तमानाचे कविराज म्हणून गौरविले.

राजाची इच्छा, भक्ताचे उत्तर

आता या चरित्रातील सर्वांत हृद्य प्रसंगाकडे वळू. शास्त्रींच्या घराण्यात तो परंपरेने सांगितला जातो. बेथलेहेम कुरवंजी ऐकून सरफोजीराजे प्रसन्न झाले आणि त्यांनी बालमित्राजवळ एक इच्छा व्यक्त केली. ख्रिस्तावर जसे गाइले तसेच आमच्या बृहदीश्वरावरही गावे, बिदागीची काळजी नसावी. राजाची इच्छा म्हणजे आज्ञाच. शिवाय मागणारा गुरुबंधू. वेदनायकांचे पूर्वज शैव. शब्द, वृत्त, राग, सारे हाताशी. दुसरा एखादा असता तर त्याने चार पदे रचून राजाला रिझविले असते, आणि अंतर्यामी आपला देव वेगळा आहे असे स्वतःचे समाधान करून घेतले असते.

वेदनायकांना ते मानवले नाही. घरी येऊन त्यांनी मनाला उपदेश करणारे एक पद रचले. हे मना, तू एका येशूचीच स्तुती कर, हा त्याचा भावार्थ. तेच त्यांनी नम्रपणे राजापुढे गाइले. ते पद तमिळ ख्रिस्ती घरांतून आजतागायत म्हटले जाते.

राजाने काय केले? रागावले नाहीत, दरबार बंद केला नाही, मैत्री तोडली नाही. आपल्या इष्टदेवतेवर आपण गाऊन घेऊ इच्छितो ते प्रेमापोटी, आणि हा नाही म्हणतो तेही प्रेमापोटी, हे त्या जाणत्या राजाने ओळखले असावे.

याच तंजावर प्रांतात, राजधानीपासून काही कोसांवर, तिरुवैयारूस संत त्यागराज त्याच काळी रामनामात रंगले होते. सरफोजीराजांनी पाठविलेले धन त्यांनी परत केले, ही कथा सर्वश्रुत आहे. एकाच राजाला दोन गायकांनी नकार दिला. पहिल्याने धन नाकारले, दुसऱ्याने विषय नाकारला. एकाचा राम, दुसऱ्याचा ख्रिस्त. आपल्या उपास्यावाचून वाणी इतरत्र वेचावयाची नाही, हे व्रत मात्र दोघांचे एकच. एकनिष्ठेला आपण अनन्यभक्ती म्हणतो. ती आपल्या संप्रदायात दिसली तर पूज्य आणि दुसऱ्याच्या घरात दिसली तर हट्ट, असा दुजाभाव खऱ्या भाविकाला शोभणार नाही.

स्वकीयांचा आघात

राजाने जे सहन केले ते स्वधर्मीयांनी केले नाही. श्वार्ट्झ यांच्या पिढीतले उपदेशक काळाआड गेले. १८२५ च्या सुमारास मिशनची व्यवस्था नव्या संस्थेकडे आली आणि नव्या मताचे तरुण मिशनरी तंजावरास रुजू झाले. त्यांनी सुधारणांचा सपाटा लाविला. वेदनायकांनी मंडळीच्या वतीने जी गाऱ्हाणी मांडली ती मुख्यतः चार होती. फाब्रिसियस यांनी जन्मभर खपून केलेले आणि लोकांच्या जिभेवर बसलेले बायबलचे तमिळ भाषांतर बाजूस सारून नवे भाषांतर लादले जात होते. निरनिराळ्या जातींच्या लोकांना उपासनेत व प्रभुभोजनात बळाने एकत्र बसविले जात होते. लग्न-उत्सवांतून फुले आणि माळा हद्दपार केल्या जात होत्या. आणि उपासनेतून तमिळ संगीत, म्हणजे वेदनायकांची पदे, काढून टाकली जात होती.

यातील फुलांची आणि गाण्याची गाऱ्हाणी वाचताना आमचे मन हळहळते. वधूच्या केसांत मोगऱ्याचा गजरा नको, मृदंग नको, राग नको, तर मग या देशातल्या माणसाने आनंद तरी कोणत्या भाषेत करावयाचा? येशूचा स्वीकार करणे म्हणजे आईच्या अंगाईचा सूर टाकणे, हे वेदनायकांना कदापि मान्य नव्हते. शेवटी १८२९ च्या सुमारास त्यांना मिशनच्या नोकरीतून दूर करण्यात आले. वय पंचावन्न, पदरी कुटुंब, आणि ज्या शाळेत हयात घालविली तिचे दार बंद.

अशा वेळी धावून आला तो हिंदू राजा. सरफोजीराजांनी शास्त्रींना दरबारी विद्वान म्हणून आश्रय दिला आणि वेतन बांधून दिले. ज्याने बृहदीश्वरावर गाण्यास नकार दिला होता त्याच कवीला, त्याची ख्रिस्तगीते गाता यावीत म्हणून, बृहदीश्वराच्या भक्ताने पोसले. नोहाच्या तारवाचे नाटक राजेसाहेबांनी कौतुकाने ऐकले. हा आश्रय फार काळ टिकला नाही, कारण १८३२ साली राजांचे निधन झाले. परंतु त्या तीन वर्षांनी भोसल्यांच्या तंजावराला जी शोभा आणली ती सरस्वती महालातील पोथ्यांहून कमी मोलाची नाही.

चंद्रावरील डाग

चरित्रकाराने स्तुतिपाठक होऊ नये. चार गाऱ्हाण्यांपैकी जातीविषयीचे गाऱ्हाणे आम्हांस समर्थनीय वाटत नाही. तंजावरच्या प्रार्थनामंदिरात वेळ्ळाळ एका बाजूस आणि ज्यांना अस्पृश्य मानले जाई ते परैयर दुसऱ्या बाजूस बसत. प्रभुभोजनाच्या प्याल्यापाशीही हा भेद पाळला जाई. वेदनायकांचे म्हणणे असे की, जात हा लौकिक आचार आहे, धर्माशी त्याचा संबंध नाही, आणि श्वार्ट्झ यांनीही तो सक्तीने मोडला नव्हता. या बाजूने त्यांनी लेखन केले. ज्या पुरुषाने शकुन आणि मुहूर्त यांचे भय गाण्यातून उडवून लाविले, सूर्यमालेचे नवे ज्ञान निःशंकपणे स्वीकारले, त्याला शेजारच्या बांधवाच्या ओठांस लागलेला प्याला आपल्या ओठांस लावणे जड गेले. १८३३ साली कलकत्त्याच्या बिशपांनी मंडळीतील जातिभेद संपविण्याचा निर्णायक आदेश काढला. त्या बाबतीत न्याय नव्या लोकांच्या बाजूने होता, मग त्यांची रीत कितीही कठोर असो.

मात्र हा डाग दाखविताना आपण बोट आपल्याकडेही वळविले पाहिजे. चोखोबांना पायरीपाशी थांबविणारे आपणच. चंद्रभागेच्या वाळवंटात अभेदाचा गजर शतकानुशतके चालला असताना पंढरीच्या राउळाचे दार सर्वांस उघडण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. फुलाची माळ आणि जातीची उतरंड या दोन्ही गोष्टी परंपरेनेच हाती येतात. त्यांतली कोणती जपावयाची आणि कोणती टाकावयाची, हा विवेक करताना भक्तांची मतीही कशी कुंठित होते, हे या चरित्रावरून शिकावे. वेदनायकांनी दोन्ही एकाच मुठीत धरून ठेवल्या. माळेबाबत काळाने त्यांना खरे ठरविले, उतरंडीबाबत खोटे.

कुलपुरुष

सरफोजींच्या मागे शास्त्री आणखी बत्तीस वर्षे जगले. या अवधीत भोसल्यांचे राज्यही मावळले. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली पुत्राविना निवर्तले आणि कंपनी सरकारने संस्थान खालसा केले. तुळजाजी, अमरसिंग, सरफोजी आणि शिवाजी अशा चार राजवटी या वृद्धाने पाहिल्या. लहानपणी ज्या राजवाड्याचा दरारा पाहिला त्याच्या दरवाजावर इंग्रजांचा पहाराही पाहिला.

परंतु याच उत्तरकाळात त्यांचे घर भरून आले होते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी दुसरा संसार मांडला होता. मुले, मुली, शिष्य यांचे मोठे कुटुंब त्यांच्याभोवती होते. त्या घरात गाणे आणि प्रार्थना यांची वाटणी नव्हती. मुले पदे पाठ करीत, साथ धरीत, ताडपत्रे व कागद उतरून काढीत. कुलपुरुषाने मुलांस जमीनजुमला फारसा ठेवला नाही. ठेवली ती पदांची बाडे आणि कथा सांगण्याची हातोटी. ती त्यांनी सांभाळली. शास्त्री ही पदवी घराण्याने धारण केली आणि ख्रिस्तकथा गाण्याचा वसा पिढ्यान् पिढ्या चालविला. आपल्याकडे एखाद्या घराण्यात वारी चालत येते, तशी त्यांच्या घरी ही कथा चालत आली. शास्त्रींच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह बंगळूर येथील ख्रिस्ती धर्मविद्यापीठात जतन केलेला आहे.

आणि देवाच्या घरचा न्यायही उशिराने का होईना आला. मदुरेस अमेरिकन मिशनचे एडवर्ड वेब नावाचे एक गुणज्ञ उपदेशक होते. इंग्रजी चालींवर तमिळ शब्द बसविण्याचा खटाटोप व्यर्थ आहे, या लोकांचे हृदय त्यांच्याच रागांनी हलते, हे त्यांनी जाणले. १८५३ साली त्यांनी उपासनेसाठी तमिळ पदांचे पुस्तक छापविले, आणि त्यात वेदनायकांची पदे मोठ्या संख्येने घेतली. चोवीस वर्षांपूर्वी जी गीते मंदिराबाहेर काढली गेली ती आता छापील पुस्तकातून मंदिरोमंदिरी पोचली. कवी तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. हे पाहण्यापुरते दीर्घायुष्य ईश्वराने त्यांना दिले होते.

वेब ज्या अमेरिकन बोर्डाचे होते त्याच बोर्डाचे मराठी मिशन अहमदनगरास होते. तेथेही पुढे ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पडली आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगांतून व कीर्तनांतून तिला मराठमोळे तेज दिले. टिळकांचा जन्म १८६१ चा. म्हणजे तंजावरचा वृद्ध कथाकार मावळत असताना महाराष्ट्रात दुसरा रांगत होता.

२४ जानेवारी १८६४ रोजी वेदनायक शास्त्री तंजावरातच निवर्तले. नव्वदावे वर्ष चालू होते.

आज दक्षिणेतील तमिळ ख्रिस्ती मंडळींत लग्नाचा मांडव असो की नाताळची पहाट असो, शास्त्रींची पदे म्हटली जातात. त्यांची मंगलगीते आपल्या आरतीच्या जागी आहेत. फुलेही परत आली आहेत. वधूच्या केसांत गजरा असतो आणि मंदिरात मृदंग वाजतो. ज्यांनी हे थांबविले होते त्यांची नावे अभ्यासकांवाचून कोणास ठाऊक नाहीत.

वाचकहो, सणाच्या दिवशी आपण देव्हाऱ्यापुढे बसतो तेव्हा आपला देव आपल्याला सर्वांहून प्रिय वाटतो, आणि तसा तो वाटलाच पाहिजे. सरफोजीराजांना बृहदीश्वर तसाच प्रिय होता. परंतु त्याच भक्तीने त्यांना दुसऱ्याच्या भक्तीची किंमत शिकविली. वेदनायकांनी मित्राच्या देवावर गाइले नाही, पण मित्राशी कपटही केले नाही. मित्राने मन मोठे केले, पण आपला देव सोडला नाही. कावेरीकाठच्या त्या एका नगरात दोघे गुरुबंधू आपापल्या वाटेने चालले आणि शेवटपर्यंत एकमेकांचे राहिले. शेजारच्या घरातून आज परक्या देवाचे गाणे ऐकू आले, तर दार लावून घेण्यापूर्वी या दोघांची आठवण व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे.